विडी, उदासी आणि विसर

मी देवनहळ्ळीत राहतो. आमचे काका म्हणायचे, "विडी ओढली की डोकं चालतं." खरं तर तलफ भागली की बेचैनी तेवढ्यापुरती शमते, तीच हुशारी वाटते. धूर मात्र मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडवतो. 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. त्यांत धूम्रपान आहे, नैराश्यही आहे. शेजारच्या कोलार जिल्ह्यात, श्रीनिवासपुरात, भारतीय विज्ञान संस्थेतलं मेंदू संशोधन केंद्र ४५ वर्षांपुढच्या गावकऱ्यांची स्मरणशक्ती आणि मनःस्थिती वर्षानुवर्षं तपासतंय.

काका गप्प गप्प राहू लागले, तेव्हा आम्ही म्हटलं, वय झालं. कुणी विचारलंच नाही. तुम्ही आज घरी विचारा, "काका, मन कसं आहे?" विडीचं त्यानंतर बोला.