निवड तिची, हातही तिचा
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापलाय 'स्त्री आणि स्वसंरक्षण'. संयोजकांचा फोन आला तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, की मी एकाच गोष्टीवर बोलेन. ज्या बाईने स्वतःच्या रक्षणासाठी आयुष्यातलं पहिलं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घ्यायचं ठरवलंय, तिने ते निवडायचं कसं? त्यावर ते म्हणाले, "मॅडम, पत्रिकेवर जरा व्यापक टाकतो, नाहीतर पोलीस बंदोबस्त मागवावा लागेल." (हशा) टाका म्हटलं. पण बोलणार मी तेच आहे.

नेमबाजीचा इतिहास कोल्हापुरात येऊन सांगणं बरं दिसत नाही. तेजस्विनी सावंत तुमची, राही सरनोबत तुमची, २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमधून कांस्यपदक आणणारा स्वप्नील कुसाळेही तुमचाच. तो भाग तुम्हाला पाठ आहे. कायद्याचंही थोडक्यात उरकते, कारण पुढच्या दोन रांगांत वकील मंडळी दिसताहेत. १९५९ चा शस्त्र कायदा, २०१६ चे नियम, वयाची एकवीस वर्षं पूर्ण, परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्तांकडे. नऊ मिलिमीटर आणि पॉइंट ३८ ही मापं सामान्य नागरिकाला बंद. उरतं मुख्यतः पॉइंट ३२, आणि थोडंफार पॉइंट २२. म्हणजे सिनेमात दिसतं त्यातलं बहुतेक सगळं बाद. झाला कायदा.

आता माझा मुद्दा. तो एका वाक्यात सांगते आणि मग तासभर तोच सांगते. शस्त्र जिने चालवायचं, तिनेच ते निवडायचं, आणि निवडण्याआधी तिने ते चालवून बघायचं. नवऱ्याने नाही, भावाने नाही, दुकानदाराने तर नाहीच. तुम्ही म्हणाल, यात एवढं सांगण्यासारखं काय आहे? मी इतकी वर्षं रेंजवर मुलींना आणि बायकांना शिकवतेय. चप्पल पायात घालून बघितल्याशिवाय न घेणारी बाई लाखभर रुपयांचं शस्त्र दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. म्हणून सांगावं लागतं.

दहा-बारा वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवा. जिला सारे 'निर्भया' म्हणू लागले, तिच्यावरच्या दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराने देश हादरला होता. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने खास महिलांसाठी म्हणून एक रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. नाव 'निर्भीक'. निर्भया या नावावरूनच ठेवलेलं. माप पॉइंट ३२, सहा गोळ्या, टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन सुमारे पाचशे ग्रॅम आणि किंमत तेव्हा १,२२,३६० रुपये. पर्समध्ये मावेल, अशी जाहिरात. आणि ते यायचं कशात, तर दागिन्याच्या डबीसारख्या किरमिजी पेटीत. भारतीय बायकांना दागिन्यांची आवड असते, असं कारखान्याच्या तेव्हाच्या महाव्यवस्थापकांनी पत्रकारांना सांगितलं होतं.

शस्त्र बनवणाऱ्या कारागिरांबद्दल मला आदर आहे आणि हेतूबद्दल शंका नाही. पण पेटीचा रंग ठरवताना जेवढा विचार झाला, तेवढा बाईच्या पंजाच्या मापाचा झाला का? तिच्या तर्जनीच्या लांबीचा झाला का? बाई म्हणजे नाजूक, म्हणून हलकं आणि छोटं, एवढ्यावर विचार थांबतो. हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने १९८९ साली 'लेडीस्मिथ' नावाची मालिका काढली. त्याच नावाचं चिमुकलं पॉइंट २२ रिव्हॉल्व्हर त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही विकलं होतं. तिथल्या दुकानांत आजही नवख्या बाईच्या हातात पहिल्यांदा ठेवतात ते सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपासचं, आखूड नळीचं पॉइंट ३८. अनुभवी नेमबाजाचाही तळवा ज्याने झिणझिणतो, ते नवख्या बाईला! तिकडच्या शिक्षिका वर्षानुवर्षं याविरुद्ध बोलत आल्यात.

हलक्या शस्त्राचं गणित शाळेतल्या विज्ञानाचं आहे. गोळी पुढे जाते तेवढ्याच जोराने शस्त्र मागे येतं. काडतूस तेच ठेवून शस्त्राचं वजन सातशे ग्रॅमवरून पाचशेवर आणलं, तर हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा जवळपास दीडपटीच्या घरात जाते. १.४ पट, गणिताच्या शिक्षकांसाठी नेमकं सांगते. (हशा) पॉइंट ३२ चं काडतूस तसं सौम्य, म्हणून आपल्याकडे हा प्रश्न अमेरिकेएवढा जाचत नाही, हे मान्य. पण पहिल्याच गोळीला हात दचकला, की दुसऱ्या गोळीच्या आधी डोळे मिटतात. मग ती सवय मोडायला महिने जातात.

आणि बायकांना जड पेलत नाही, हे कोणी ठरवलं? राही सरनोबत ज्या पिस्तुलाने पंचवीस मीटरची स्पर्धा खेळते, त्या प्रकारात पिस्तुलाचं वजन चौदाशे ग्रॅमपर्यंत चालतं. प्रत्यक्षात किलोभराच्या आसपास असतं. ते एका हाताने, हात सरळ लांब करून धरायचं. २०१३ मध्ये चांगवॉनला विश्वचषकाचं सुवर्ण आणि २०१८ मध्ये पालेमबांगला आशियाई सुवर्ण, दोन्ही तिने याच प्रकारात घेतली. त्या पिस्तुलाची लाकडी मूठ खेळाडूच्या पंजाप्रमाणे घासून, भरून घेतात. पदकासाठी मूठ हाताच्या मापाची लागते, आणि जिवासाठी लागत नाही?

वजनापेक्षा मोठा प्रश्न चापाचा. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवला, तर चाप दीड-दोन किलोच्या जोराने दबतो. न ओढता थेट दाबला, तर साधारण पाच किलो लागतात. संकटात घोडा ओढत बसायला वेळ नसतो, शिवाय ओढलेला घोडा आणि थरथरता हात ही जोडी धोक्याची. म्हणजे पाच किलोच धरून चाला. घरी गेल्यावर पाच लिटर तेलाचा भरलेला कॅन तर्जनीच्या एकाच पेरावर उचलून बघा. आता तेवढाच जोर हळू, सरळ मागे, मनगट न हलवता लावायचाय. जमतं, सरावाने बहुतेकींना जमतं. पण त्यासाठी बोट चापापर्यंत नीट पोचलं पाहिजे.

तेव्हा मी काय करते, ते दाखवते. शस्त्र आणलेलं नाही, घाबरू नका. (हशा) हा माझा हात आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली ही बेचकी मुठीच्या वरच्या टोकाला घट्ट बसवायची. कोपरापासूनचा हात आणि नळी एका रेषेत. आता तर्जनी चापावर ठेवा. पहिल्या पेराची घडी चापावर आली तर ते शस्त्र तुमच्या मापाचं. नुसतं टोक पोचत असेल तर बाई नकळत मूठ फिरवून घेते, मग नळी एकीकडे, हात दुसरीकडे आणि धक्का थेट अंगठ्याच्या सांध्यावर. दुकानातल्या काउंटरपाशी, रिकामं शस्त्र हातात घेऊन, अर्ध्या मिनिटात हे कळतं. पण ते बाईच्या हातात द्यावं लागतं.

इथे एक हकीकत सांगायचीय. थोडक्यात सांगते. शिरूरच्या बाजूच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. मळ्यात घर, वस्ती लांब, पोल्ट्री आणि गोठा. नवरा गेलेला. सासऱ्यांचं जुनं शस्त्र होतं, ते वारसाहक्काच्या कागदपत्रांत पोलीस ठाण्यात जमा. रात्री दोनदा गोठ्याशी माणसं आलेली. त्यांनी स्वतःच्या नावावर अर्ज केला, आणि तलाठ्यापासून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत प्रत्येकाने त्यांना एकच विचारलं, "घरात पुरुषमाणूस कोण?" कसाबसा परवाना मिळाला. मग दिराला घेऊन त्या शस्त्राच्या दुकानात गेल्या. मी सोबत होते. दुकानदाराने सगळ्यात हलकं काढलं. "वहिनी, हे बघा, पर्समध्ये मावतं." म्हणाला वहिनी, पण दिलं दिराच्या हातात! दिराने ते तीन बाजूंनी पाहिलं, मान डोलावली. बाईंनी विचारलं, "चाप किती कडक आहे?" दुकानदाराने दिराकडे बघून उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "गोळी नाही उडाली तर काय करायचं?" याचंही उत्तर दिराला. मग बाई म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जरा बाहेर चहा घेऊन या." (हशा, टाळ्या)

त्या दिवशी काही घेतलं नाही. रेंजवर आलो. क्लबची दोन रिव्हॉल्व्हर होती, दोन्ही पॉइंट ३२, एक हलकं, एक जुनं जड. सात मीटरवर कागद लावला. हलक्याच्या सहाही गोळ्या खाली डावीकडे, पसरलेल्या. उजव्या हाताने ओढूनताणून चाप दाबला की असंच होतं. प्रत्येक गोळीला त्यांचा जबडा आवळला जात होता. मग जड दिलं. मूठ भरीव, बोट घडीपर्यंत पोचलेलं. पहिली जरा वर गेली. पुढच्या पाच एका वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत. त्यांनी कागदाजवळ जाऊन एकेका भोकावर बोट ठेवून बघितलं. मी म्हटलं, "हे पर्समध्ये मावत नाही हं." त्या म्हणाल्या, "पर्स घेऊन गोठ्यात जातंय कोण?" (मोठा हशा)

थोडक्यात म्हणाले आणि बराच वेळ घेतला, अध्यक्षांनी घड्याळ पुढे सरकवलंय. पण या बाईंबद्दल मी घाईने बोलू शकत नाही. दर महिन्याला एसटीने येत होत्या सरावाला.

चिठ्ठ्या आल्यात. पहिली अशी : "आपल्या कोल्हापूरला मर्दानी खेळाची परंपरा असताना मुलींना परदेशी हत्यार कशाला?" चांगला प्रश्न आहे. मुलींना लाठी जरूर शिकवा, अंगात धाडस आणि पायात चपळाई त्यानेच येते. पण इथले वस्तादही लाठी देताना मुलीच्या उंचीला लावून बघतात ना? मी तेवढंच मागतेय. आणि हत्यार परदेशी नाही, काडतूससुद्धा नाही. आपल्या पॉइंट ३२ च्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरं सापडतात, ती खडकीच्या कारखान्याची.

दुसरी चिठ्ठी रागावलेली आहे. सही नाही. "तुम्ही बायकांना बंदुका घ्यायला सांगताय. घरात बंदूक आली की घरातलीच बाई मरते." हे मी टाळणार नाही. 'निर्भीक' आलं तेव्हा मणिपूरच्या बीनालक्ष्मी नेप्राम यांनी कडाडून विरोध केला होता. बंदुकीने उद्ध्वस्त झालेल्या बायकांसाठी त्या काम करतात, त्यांनी जे पाहिलंय ते मी पाहिलेलं नाही. शिवाय राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे दरवर्षी सांगतात, की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मालक. तिथे पर्समधलं रिव्हॉल्व्हर काय करणार? म्हणून मी कोणालाही 'घ्या' म्हणत नाही. ज्या घरात दारू आहे, मारहाण आहे, कोणी निराशेने ग्रासलेलं आहे, त्या घरातल्या बाईला मी 'घेऊ नका' असं तोंडावर सांगते, आणि सांगितलंय. पण मळ्यातल्या एकट्या बाईने विचार करून, कायद्याने परवाना मिळवून ठरवलं असेल, तर तिला चुकीचं शस्त्र देऊन आपण तिचं रक्षण करत नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी उभं राहून बोलावं, मला आवडेल. नाही? बरं.

आता सात मिनिटं उरली म्हणताहेत. भराभर सांगते. रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? पिस्तुलाची वरची सरक मागे ओढावी लागते, पॉइंट ३२ च्या पिस्तुलात तिची स्प्रिंग कडक असते. ती ओढायची नाही, एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पिस्तूलच पुढे ढकलायचं, म्हणजे दंडाचा जोर मिळतो. गोळी अडकली तर ती मोकळी करायला यावं लागतं. रिव्हॉल्व्हरमध्ये एक काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप दाबायचा, पुढचं आपोआप येतं. ज्यांना महिन्यातून एकदाच सराव जमणार, त्यांना मी रिव्हॉल्व्हर सांगते. काडतुसं महाग आणि मोजकी, म्हणून घरी डमी काडतुसं घालून कोरा सराव करायचा, भिंतीकडे तोंड करून, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून. उशीखाली शस्त्र ठेवायचं नाही. कपाटात साड्यांच्या घडीतही नाही, मुलं पहिल्यांदा तिथेच शोधतात. उघडायला सोपी, पण कुलपाची लोखंडी पेटी भिंतीला बोल्टने पक्की करा.

गोळी कधी चालवता येते, हे वकिलांकडून समजून घ्या, पैसे देऊन घ्या. न्याय संहितेचं कलम ३८, पूर्वीचं दंड विधानाचं कलम १००. बलात्काराच्या, अपहरणाच्या, ॲसिड फेकण्याच्या हल्ल्यात जीव घेण्यापर्यंतचा हक्क कायदा देतो. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालण्याचा देत नाही. निवडणूक आली आणि शस्त्र ठाण्यात जमा करण्याची नोटीस आली, तर त्या काळात काय करणार, हेही आधीच ठरवून ठेवा.

शेवटची चिठ्ठी घेते, घंटा झाली असली तरी. "माझी मुलगी डावखुरी आहे, तिने काय घ्यावं?" ताई, बहुतेक शस्त्रं उजव्या हाताच्या माणसासाठी घडवलेली असतात, रिव्हॉल्व्हर उघडायची खिटी उजव्या अंगठ्याला सोयीची ठेवलेली असते. आधी तिचा जोरकस डोळा कोणता ते बघूया. दोन्ही हात लांब करून तळव्यांची छोटी खिडकी करायची, त्यातून दूरचा दिवा बघायचा, आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला दिवा दिसत राहतो तो तिचा डोळा. मग डाव्या हाताने खिटी उघडून, भरून, बंद करण्याचा सराव रिकाम्या शस्त्रावर. मुलगी आली आहे का? ती मागे हात वर झालाय. कार्यक्रम संपला की मंचाजवळ ये. पंजा मोजून देते, टेप आणलाय मी. आणि एकटी ये, आईबाबांना तोवर इथेच बसू दे.