यंत्राच्या काळजाचा ठोका



पिठाच्या गिरणीच्या दाराशी डबा घेऊन आपण सगळेच कधी ना कधी उभे राहिलो आहोत. पट्ट्याचा फटफटाट, दगडांची घरघर, मधूनच कुठेतरी पत्रा थडथडतो. पहिल्यांदा कान किटतात. पण थोडा वेळ थांबले की त्या गोंगाटात एक ठेका सापडतो, आणि पाय नकळत हलू लागतो. आता मला सांगा, हा ठेका गिरणीचा, की ऐकणाऱ्या कानाचा?

आजचा आपला विषय याच प्रश्नाभोवती फिरतो. विज्ञानकथांवरचे मारधाडीचे इंग्रजी चित्रपट आपली मुले आवडीने पाहतात. त्यांच्या संगीतात पुष्कळदा व्हायोलिन नसते, बासरी नसते. लोखंडावर घण पडावा तसे ठोके असतात आणि विजेच्या तारेतून यावी तशी गुणगुण असते. माझ्या वर्गातल्या एका मुलाने ते मला हौसेने ऐकवले. मी फटकन बोलून गेलो, "अरे, हे संगीत की कारखाना?" तो गप्प बसला. पुढे या संगीताची कुळकथा मी वाचून काढली, आणि ओशाळण्याची पाळी माझ्यावर आली.

ही कथा बरीच जुनी आहे. १९१३ साली लुइजी रुसोलो नावाच्या इटालियन चित्रकाराने एक जाहीरनामा लिहिला. यंत्रयुगातल्या माणसाचा कान बदलला आहे, तेव्हा गोंगाटालाही संगीतात जागा द्या, असे त्याचे म्हणणे होते. १९४८ साली पॅरिसच्या रेडिओवर काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी आगगाड्यांचे आवाज मुद्रित केले आणि त्यांची जुळणी करून एक रचना तयार केली. म्हणजे बघा, या नवलाईच्या पाळण्याची दोरी रेडिओच्याही हाती होती!

आता न्यूयॉर्कला जाऊ. तिथे लुई आणि बीबी बॅरन हे जोडपे राहत होते. १९४७ मध्ये त्यांचे लग्न झाले, आणि आहेरात मिळाला टेपरेकॉर्डर. नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाचे सायबरनेटिक्सवरचे पुस्तक १९४८ मध्ये निघाले. ते वाचून लुई निर्वात नळ्यांची विद्युत्‌मंडले जुळवू लागला. मंडलाला सोसवेल त्याहून जास्त वीज सोडायची. मग ते किंचाळे, कण्हे, कुजबुजे आणि शेवटी जळून जाई. एकदा जळाले की तोच आवाज पुन्हा मिळणे नाही. म्हणून टेप सतत चालू ठेवावी लागे. तासन्‌तास ती टेप ऐकून त्यातले मोती वेचायचे काम बीबीचे. मग टेप सावकाश फिरवायची, उलटी फिरवायची, कापून जोडायची.

अशा रीतीने १९५६ सालच्या 'फॉरबिडन प्लॅनेट' या चित्रपटाचे सारे संगीत तयार झाले. मोठ्या चित्रपटाला संपूर्ण इलेक्ट्रॉनिक संगीत देण्याची ही पहिली वेळ. पण श्रेयनामावलीत 'संगीत' हा शब्द काही आला नाही! वादकांच्या संघटनेशी वाद नको, म्हणून तिथे 'इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज' असे छापले गेले. टोनॅलिटीज म्हणजे नुसते नाद. वादकांची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. यंत्र आले की कुणाच्या तरी पोटावर पाय येतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे. पण ज्यांनी रात्रंदिवस कान टवकारून ते काम केले, त्यांच्या कामाला त्याचे नावच मिळाले नाही. आणि मीही माझ्या विद्यार्थ्याशी तेच केले होते, नाही का?

पुढे काळ बदलला. १९६४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी आपल्या सिंथेसायझरचा पहिला नमुना तयार केला. हवा तो स्वर विजेतून घडवता येऊ लागला. १९८२ च्या 'ब्लेड रनर'चे संगीत व्हँगेलिस या ग्रीक संगीतकाराने मुख्यतः अशाच वाद्यांवर रचले.

आणि १९८४ मध्ये आला जेम्स कॅमेरॉनचा 'द टर्मिनेटर'. माणसाच्या कातड्याखालचे एक यंत्र एका तरुणीच्या जिवावर उठते, अशी ही कथा. संगीतकार होता ब्रॅड फिडेल. त्याला हवा होता यंत्रमानवाच्या काळजाचा ठोका. लोखंडी ठणका कुठून आणायचा? गड्याने स्वयंपाकघरातला बिडाचा तवा उचलला आणि ध्वनिग्राहकासमोर बडवला! पुढे गंमत अशी झाली. ठेक्याचे आवर्तन यंत्रात बसवताना त्याचे बटण क्षणभर इकडेतिकडे दाबले गेले आणि आवर्तन किंचित अपुरे राहिले. ते लंगडणे त्याला आवडले. त्याने ते तसेच ठेवले. त्या मात्रा त्याने कागदावर मांडल्याच नव्हत्या. २०१४ मध्ये एका लेखकाने छडा लावला तेव्हा हिशेब निघाला तेरा मात्रांचा!

रूपकाच्या सात मात्रा आणि झपतालाच्या दहा मात्रा तुमच्या कानांना परक्या नाहीत. मग हाही ठेका हातावर धरून बघा: तीन, तीन, तीन, दोन, दोन. पहिल्या तीन घरांत चाल स्थिर वाटते. शेवटच्या दोन घरांत पाऊल आखडते आणि कुणीतरी पाठीमागून जवळ येत आहे असे वाटते. ती भीती ना तव्यात आहे, ना विजेत. यंत्राची चूक कोणती आणि चाल कोणती, हे शेवटी माणसाच्या कानाने ठरवले.

अर्थात यातले सगळेच चांगले असते असे नाही. नुसता दणदणाट करून प्रेक्षकाला खुर्चीत दाबून बसवणारेही पुष्कळ आहेत. पण निवड करायची तर आधी ऐकायला हवे.

शिक्षक मित्रांनो, एखाद्या शनिवारी मुलांना सांगा: घरातला एकेक आवाज ऐकून या. कुणी पंपाचा आणील, कुणी शिलाई मशीनचा, कुणी उखळाचा. वर्गात त्यांचा ठेका धरा. काही जमेल, काही फसेल. आणि एखादा मुलगा आपल्या आवडीचे काही ऐकवायला आला, तर माझ्यासारखे फटकन बोलू नका.

मी त्या विद्यार्थ्याला पुन्हा बोलावून घेतले आणि म्हणालो, "बाबा रे, ते परत एकदा लाव." या वेळी आम्ही दोघांनी मात्रा मोजल्या. पहिल्या खेपेला माझीच चुकली.