फिकट रेघेचं कोडं



"बाय, रेघ फिकट इली, आता काय समजाचा?" गावच्या आशा कार्यकर्तीनं दिलेलं 'निश्चय' हे गर्भचाचणीचं किट हातात धरून आपल्या कणकवलीतली एखादी सूनबाई असं विचारते. प्रश्न साधा वाटतो, पण याच प्रश्नानं भल्याभल्या प्रयोगशाळांना घाम फोडलाय.

गर्भारपणात वार एचसीजी नावाचं संप्रेरक तयार करते. त्याचे दोन भाग, अल्फा आणि बीटा. अल्फा हा ९२ अमिनो आम्लांचा, आणि तो बीजकोशातून बीज सोडवणाऱ्या एलएच या संप्रेरकातही जसाच्या तसा असतो. बीटाही बराच सारखा. फक्त एलएचचा १२१ वर थांबतो, एचसीजीचा १४५ पर्यंत जातो. त्यामुळे जुन्या चाचण्या दोघांत गल्लत करत. १९७२ साली अमेरिकेत ज्युडिथ व्हायटुकायटिस आणि सहकाऱ्यांनी बीटा ओळखणारी प्रतिपिंडं वापरून ती गल्लत मिटवली.

पण एचसीजी शरीरात एकाच रूपात थोडंच फिरतं? काही अखंड, काही मध्येच चिरलेलं, काही सुटा बीटा. मूत्रपिंडातून जाताना बीटा तुटून एक छोटा गाभा उरतो, आणि काही आठवड्यांनी लघवीत त्याचाच भरणा होतो. किटच्या पट्टीवर प्रतिपिंडं दोन असतात: एक रंगीत कणांना चिकटलेलं, दुसरं रेघेवर पक्कं बसवलेलं. संप्रेरक दोघांच्या पकडीत सापडलं तरच रेघ उमटते. गाभ्याला एकच प्रतिपिंड ओळखत असेल, तर गाभा ते प्रतिपिंड अडवून बसतो आणि गर्भारपण काही आठवडे पुढं गेलेल्या बाईची रेघही फिकट पडते! अशा वेळी प्रयोगशाळेत तीच लघवी पाणी घालून पातळ केली, तर रेघ गडद होऊ शकते. ऐकायला उफराटं, पण खरं.

म्हणून प्रतिपिंड निवडणं हेच खरं काम. उंदराच्या प्लीहेतल्या पेशी कर्करोगाच्या पेशींशी जुळवून एकाच साच्याची प्रतिपिंडं बनवायची रीत कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली दिली. अशा शेकडो वाणांतून एलएचला चिकटणारे टाकायचे, हवं तेच रूप धरणारे ठेवायचे. ही निवड पडताळायला जागतिक आरोग्य संघटनेनं सहा रूपांचे शुद्ध नमुनेही ठरवून दिले आहेत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातलं बी१५२ हे प्रतिपिंड तर जास्त साखर लागलेलं एचसीजी हेरतं. हे रूप गर्भधारणेच्या अगदी सुरुवातीला असतं, आणि वारेच्या कर्करोगातही.

द्राक्षगर्भ, म्हणजे वार द्राक्षांच्या घोसासारखी वाढलेला गर्भ, काढलेल्या बाईला हा प्रतिपिंडांचा फरक फार जवळचा. वारेचा कर्करोग होत नाही ना, हे पाहायला तिला बीटा-एचसीजी पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. आज कणकवलीत, पुढच्या वेळी गोव्यात, मग मुंबईला लेकीकडे, असं केलं तर आकडे जुळत नाहीत. प्रत्येक किटची प्रतिपिंडं वेगळी. माझं स्पष्ट मत, शक्यतो एकच लॅब धरा. बदलावीच लागली तर जुना रिपोर्ट घेऊन जा आणि डॉक्टरांना सांगा, की लॅब बदललीय.