परसातील फुलबाग आणि देवाचे फूल
(देवस्थानाच्या महाजन-मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 या व्यासपीठावरून धर्म, इतिहास आणि संस्थानाचा कारभार यांविषयी अधिकारी व्यक्ती बोलत आल्या आहेत. त्या मानाने माझा विषय लहान आहे. परसातील फुलझाडे आणि अंगणातील हिरवळ गोव्याच्या हवामानात बारा महिने कशी राखावी, एवढेच मी सांगणार आहे. तथापि हा विषय केवळ हौसेचा नाही. तो महाजनांपुढेच का मांडावासा वाटला, हे बोलण्याच्या ओघात स्पष्ट होईल.

आपल्या बागेचे सारे गणित पावसावर बेतलेले असते. गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणजे एक चौरस मीटर अंगणावर सुमारे ३००० लिटर पाणी कोसळते आणि पुढील आठ महिने तेच अंगण विहिरीच्या तोंडाकडे पाहत राहते. त्यातून आपली माती जांभ्याची. ती ओल फार काळ धरीत नाही आणि मुसळधार पावसात तिचे सत्त्व धुपून जाते. तेव्हा पावसाळ्यात पाणी बाहेर काढणे आणि उन्हाळ्यात ओल आत राखणे, या दोन कामांत आपल्याकडील बागकामाचे बहुतेक सार येते.

वैशाखात, मृगाच्या आधी, वाफ्यांभोवतीचे चर साफ करून घ्यावेत. झाडांची आळी या वेळी मोडून बुंध्याशी मातीची भर द्यावी, म्हणजे पाणी मुळाशी साचणार नाही. पावसाळ्यात पुष्कळ झाडे पाण्याअभावी नव्हे, तर मुळे कुजून मरतात. सरी स्थिरावल्या की नवी लागवड करावी. जास्वंद, तगर, कण्हेर यांची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांबीची फांदी घ्यावी, तिला तीन-चार डोळे असावेत, खालचा काप तिरपा द्यावा, पाने काढून टाकावीत आणि निम्मी फांदी मातीत खोचावी. जाईची जमिनीलगतची फांदी डोळ्यापाशी किंचित खरवडून मातीत दाबावी व वर दगड ठेवावा. मुळे फुटली की ती मूळ वेलीपासून तोडून अन्यत्र लावता येते.

आषाढ-श्रावणात खत घालण्याची घाई करू नये, कारण ते पाण्याबरोबर वाहून जाते. गोगलगायी मात्र याच दिवसांत बाग फस्त करतात. सायंकाळी कंदील किंवा विजेरी घेऊन त्या हाताने वेचणे, हाच उत्तम उपाय होय. जाईला हा काळ मानवतो. म्हार्दोळच्या श्री म्हाळसा संस्थानात पावसाळ्यात होणारी जाईंची पूजा आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल, तर त्याचे बी अडीच-तीन महिने अगोदर, पावसाचा मारा लागणार नाही अशा जागी पेरावे आणि रोप वीतभर झाले की त्याचा शेंडा खुडावा. त्यामुळे फांद्या फुटून फुले अधिक येतात.

श्रावणापासून पुढे पारिजातक बहरतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याला ‘दुःखी वृक्ष’ म्हटले आहे, कारण तो रात्री फुलतो आणि सूर्य उगवताच फुले गाळून मोकळा होतो. आपण मात्र त्याच्या सड्याकडे दुःखाने पाहत नाही. जमिनीवर पडलेले असूनही देवाला चालणारे ते फूल असल्यामुळे आपण त्याच्याखालची जागा सारवून किंवा झाडून ठेवतो.

पाऊस ओसरला की बागेला खरे खत द्यावे. देवघरातील निर्माल्य दोरा व प्लास्टिक काढून खड्ड्यात कुजवले, तर त्यासारखे खत नाही. शेवंतीविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दिवस लहान व रात्री मोठ्या झाल्यावरच तिला कळ्या धरतात. रस्त्यावरील दिव्याचा उजेड रात्रभर पडत असेल, तर झाड हिरवेगार राहूनही फुलत नाही. अशी कुंडी घराच्या आडोशाला, काळोखात न्यावी. अबोलीचे पिकलेले बोंड पाणी लागताच तडकते व बी दूर फेकते, म्हणून बी हवे असल्यास बोंडे सुकी असतानाच काढावीत. श्रीशांतादुर्गेची कवळ्याची जत्रा माघ शुद्ध पंचमीला आणि श्रीमंगेशाची माघ पौर्णिमेला असते. तोपर्यंत घरची अबोली आणि शेवटची शेवंती हाताशी राहील, अशा बेताने लागवड करता येते.

मोगऱ्याचे काम थंडीत करावयाचे असते. त्याचे पाणी पंधरा दिवस तोडावे, मग छाटणी करून शेणखत द्यावे आणि पुन्हा पाणी सुरू करावे. फाल्गुनापासून तो ऐन उन्हात बहरतो. याच सुमारास सुरंगी आणि त्यामागून बकुळ फुलते. या दोहोंना आपल्या पाण्याची अपेक्षा नसते. लहान झाडांना मात्र उन्हाळ्यात भल्या पहाटे पाणी घालावे आणि बुंध्याभोवती सुक्या पानांचा जाड थर पसरावा.

आता हिरवळीविषयी. अलीकडे घरापुढे लॉन करण्याची हौस वाढली आहे. भर उन्हाळ्यात एक चौरस मीटर हिरवळ दिवसाला चार-पाच लिटर पाणी पिते. शंभर चौरस मीटरचे लॉन म्हणजे रोजचे चार-पाचशे लिटर झाले. वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागतो, तेव्हा हा खर्च शोभत नाही. जी हरळी लॉनसाठी सर्वत्र लावतात, तीच आपली दुर्वा होय. तिची मुळांसकट तोडलेली कांडी पहिल्या पावसात वीत-वीत अंतरावर लावावीत. कापताना पात्याचा तिसरा हिस्साच कापावा. उन्हाळ्यात ती करपलेली दिसली तरी खुशाल तशीच राहू द्यावी, जमिनीतील कांडी जिवंत असतात आणि पहिल्या सरींबरोबर पुन्हा हिरवी होतात. चवथीला एकवीस दुर्वांची जुडी त्याच अंगणातून निघावी, म्हणून तिच्यावर तणनाशक मारू नये, ही विनंती.

बंधुभगिनींनो, आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपणांपैकी अनेकांची घरे आज वर्षातून दोनदाच, चवथीला आणि जत्रेला उघडतात. मुले मुंबईला, पुण्याला, परदेशी आहेत, आणि त्यात कोणाचा दोष नाही. परंतु बंद घराच्या परसात काय घडते, याचा विचार व्हावा. बकुळ, सुरंगी यांचे बी पडून नवे रोप कोठेतरी उगवेल. दुपाकळी मोगरा, दुपाकळी अनंत, दुपाकळी तगर यांना मात्र बी धरत नाही. आज आपल्या परसात असलेला बटमोगरा कोणीतरी कोणाकडून तरी फांदी मागून आणून लावलेला आहे, आणि त्या झाडाचे मूळही तसेच आणखी कोणाच्या तरी परसात होते. कित्येक पिढ्या त्याचा वंश केवळ माणसाच्या हातून चालत आला आहे. घर विकले गेले, परसावर यंत्र फिरले आणि त्याआधी कोणी फांदी नेली नसेल, तर तो वंश त्या दिवशी संपतो. महाजनकीची नोंद वहीत तरी राहते. या झाडांची वही नाही.

बाजारातून, घाटावरून येणारी फुले देवाला चालत नाहीत, असे मी म्हणणार नाही. जत्रेच्या गर्दीला ती लागतातच. परंतु आपल्या पणजीने वाहिलेल्या मोगऱ्याचेच फूल आपण वाहू शकतो, ही गोष्ट बाजार देऊ शकत नाही.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. ज्यांची घरे बंद असतात, त्यांनी नित्य पाणी मागणारी झाडे लावण्यापेक्षा बकुळ, पारिजातक, चाफा, सुरंगी यांसारखे वृक्ष लावावेत. पहिली दोन-तीन वर्षे शेजाऱ्याने पाणी घातले की पुढे ते आपला भार आपण वाहतात. दुसरी सूचना समितीस आहे. अग्रशाळेच्या मागील मोकळ्या जागेत चार वाफे राखून ठेवावेत. प्रत्येक कुटुंबाने मृगाच्या सुमारास आपल्या परसातील एका जुन्या झाडाच्या दोन फांद्या तेथे आणून लावाव्यात आणि कोणत्या घरची, कोणत्या वाड्यावरची, एवढे एका वहीत लिहावे. ज्याला हवे असेल त्याने पुढील वर्षी तेथून रोप न्यावे. याला खर्च जवळजवळ नाही, आणि घर मोडले तरी त्या घरचे फूल देवाच्या पायाशी येत राहील.

येता मृग फुकट जाऊ नये, एवढीच इच्छा.  श्रींची कृपा सर्वांवर अखंड असो.