स्वमग्न कुमारांच्या भाषेची पारख
(शिक्षक-मेळाव्यातील भाषण)



सातवी-आठवीच्या वर्गातील एखादा मुलगा धडा खडाखडा वाचतो. परंतु धड्यातील म्हातारी का रडली, असे विचारताच गप्प होतो. दुसरा तोंडी परीक्षेत अक्षरही उच्चारीत नाही, आणि गुरुजी शून्य मांडून मोकळे होतात. दोघेही स्वमग्न असू शकतात. एकाच्या वाट्याला फुकाची शाबासकी येते, दुसऱ्याच्या वाट्याला मंदबुद्धीचा शिक्का.

बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हाच या भाषेचे विशेष त्यांनी टिपले होते. ‘तुला पाणी हवे का?’ असे म्हणणारा मुलगा पुष्कळदा स्वतःसाठीच पाणी मागत असतो. पाणी देताना आईने उच्चारलेले वाक्य त्याने जसेच्या तसे उचललेले असते. ही पोपटपंची नव्हे, मागणी आहे; आणि नोंदवहीत ती मागणी म्हणूनच उतरली पाहिजे.

कुमारवयात अडचण बहुधा शब्दसंख्येची नसते, वापराची असते. पोटात कावळे ओरडतात हे ऐकून चकित होणारा मुलगा व्याकरणात निर्दोष असू शकतो. घसरून पडलेल्या गड्याला कोणी ‘वा, काय पहिलवान!’ म्हटले, तर त्याला ते कौतुकच वाटते. अशी छोटी गोष्ट सांगून ‘तो असे का म्हणाला?’ एवढेच विचारावे. मग थांबावे. उत्तर येईना म्हणून प्रश्न निराळ्या शब्दांत फिरवला, की त्याच्यापुढे दुसराच प्रश्न उभा राहतो. जो बोलत नाही त्याला चित्रावर बोट ठेवू द्यावे, पाटीवर लिहू द्यावे. समजणे आणि बोलणे यांची पारख वेगवेगळी करावी.

कान तपासून घ्यावेत, हे ओघानेच आले. घरी अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्यास पुस्तकी शब्द अडला, तर तो दोष स्वमग्नतेच्या माथी मारू नये.

निदान तज्ज्ञांनी करावयाचे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. पण तज्ज्ञ मुलाला तासभर पाहतात, शिक्षक वर्षभर. त्यांच्याकडे जाणाऱ्या कागदावर नुसते ‘बोलत नाही’ असे लिहू नये. ‘मधल्या सुट्टीत नळापाशी उभा राहून तुला पाणी हवे का असे तीनदा म्हणाला’ असे लिहावे.