माल किती, किती गरम, किती तासांत?

आपला जुन्नर तालुका द्राक्षाचा. इथं शीतगृह बांधायचं म्हटलं की पहिला प्रश्न असतो, "एवढ्या खोलीला किती टनाची मशीन बसवू?" प्रश्नाची सुरुवातच चुकते. घरातला एसी खोलीच्या मापावर घेतला तर एक वेळ चालतं. प्रीकूलिंगला, म्हणजे तोडलेला माल झटपट गार करायला, ते चालत नाही.

हिशेबच करू. दहा मीटर लांब, सहा रुंद, चार उंच अशी खोली घ्या. भिंती, छत, जमीन सगळीकडे 100 मिलिमीटरचं पफ पॅनेल. बाहेर 37 अंश, आत 2. या सगळ्यातून आत शिरते ती उष्णता जेमतेम 2 किलोवॅट. आता त्यात 10 टन जंबो द्राक्षं ठेवा. मणी 28 अंशांवर आहेत आणि सहा तासांत 4 अंशांवर आणायचे आहेत. एक किलो द्राक्ष एक अंशानं उतरवायला साधारण 3.6 किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे एकूण 240 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता, आणि सहा तासांत काढायची तर 40 किलोवॅट. भिंतींच्या वीसपट भार एकट्या मालाचा!

यात पंख्यांचे 3 किलोवॅट धरा. पंख्याची मोटर आत असली तर तिची सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. कोटेशनमध्ये हे हमखास विसरलं जातं. दार उघडणं, माणसं, दिवे यांचे 2. वर दहा टक्के राखीव. बेरीज 52 किलोवॅटच्या आसपास. 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो तो एक टन, म्हणजे 3.5 किलोवॅट. तेव्हा मशीन लागेल 15 टनांची. आणि ही झाली सरासरी. पहिल्या तासात माल सर्वांत गरम, म्हणून भारही तेव्हाच सर्वांत जास्त.

चाकणच्या कारखान्यातही भार काढायची रीत हीच. फक्त तिथं द्राक्षांच्या जागी यंत्रं, कामगार आणि बाहेरून घेतलेली ताजी हवा येते.

आता आपल्या हातातली गोष्ट. तोडणी पहाटे उरकली आणि क्रेट सावलीत राहिले, मणी 20 अंशांवर आत आले, तर त्याच सहा तासांना साडेदहा टनांची मशीन पुरते. साडेचार टनांची मशीन नुसत्या वेळेवर वाचली. एवढी बचत कुठलंही महागडं पॅनेल देत नाही.

खोलीतली हवा गार करणाऱ्या कॉइलमध्ये मात्र काटकसर करू नका. लहान कॉइल फार थंड चालवावी लागते, हवेतलं पाणी तिच्यावर बर्फ होऊन बसतं, खोलीची आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या खाली जाते आणि घडाचे देठ तपकिरी पडतात. परदेशी खरेदीदार आधी देठच बघतो.

म्हणून या हंगामात एक करा. सुईचा थर्मामीटर घ्या, क्रेटच्या मधोमध असलेल्या मण्यात खुपसा आणि आकडा वेळेसकट वहीत लिहा. ती वही समोर ठेवून विक्रेत्याकडून भाराचा हिशेब कागदावर मागा. जो देणार नाही, त्याला ऑर्डर देऊ नका.