तंजावरात ओचाझुके

आमच्या तंजावरात उरलेल्या भातावर रात्री पाणी घालतात. सकाळी तो आंबूस ‘पळय सोरु’ ताक आणि छोट्या कांद्यांबरोबर खातात. जपानी लोक उरलेल्या भातावर गरम ग्रीन टी ओततात. त्याला म्हणतात ओचाझुके. ‘ओचा’ म्हणजे चहा.

करून बघा. वाटीभर भात वाफवून गरम करा. वर मीठ, भाजलेले तीळ. जपानी उमेबोशी इथे कुठली? आपलं खारवून वाळवलेलं नारत्तंगाय चुरडून घाला, तेही आंबट-खारटच. मग भात जेमतेम बुडेल इतका चहा ओता.

एकच सांभाळा. पाणी न घातलेला भात रात्रभर बाहेर ठेवू नका, निवताच फ्रिजमध्ये ठेवा. त्यात तयार झालेलं विष उकळूनही जात नाही.

आणि शिळा भात वाढायला लाजू नका.